गोकुळचे दोन कॅमेरे

१७ मे १९९७, शनिवार

थोबाडीत मारली. भर बाजाराच्या दिवशी. मला!

लिहून ठेवतोय, विसरायला नको म्हणून. अकिला नेहमी म्हणते, तुमच्या डोक्यात काही राहत नाही, चाळणी आहे नुसती. हे राहील.

अकराचा सुमार. दुकानात तीन गिऱ्हाइकं. निमोण्याचे बाळासो आले, बरोबर त्यांचे दोन भाऊबंद, आणि सगळ्यात मागं गोकुळ — एसटी स्टँडसमोरचा गोकुळ फोटो स्टुडिओवाला. बाळासोंच्या मुलीचं लग्न नऊ दिवसांपूर्वी झालं, फोटो गोकुळनं काढले. बाळासोंनी पाकीट उलटं करून सगळे फोटो माझ्या काउंटरवर ओतले.

प्रत्येक फोटो अर्धा काळा. नवरा दिसतो तर नवरी अंधारात. हार घालणारे हात दिसतात, हार कुणाच्या गळ्यात पडतोय ते नाही. कन्यादानाच्या फोटोत भटजी आणि तांब्या. बाकी काळं.

"ह्यानंच रिपेर केलावता न्हवं तुजा क्यामेरा?" बाळासोंनी गोकुळला विचारलं.

गोकुळनं मान हलवली. "व्हय. लगनाच्या आधी ह्यांच्याकडूनच आणलावता."

मी म्हणालो, बाळासो, कॅमेरा चोख होता. फ्लॅश मारताना शटरच्या वेगाचा डायल साठवर ठेवावा लागतो. दोनशेपन्नासवर राहिला की अर्धा फोटो काळा येतो. हे ज्याचं त्यानं बघायचं अस—

पुढचं तोंडातच राहिलं. चष्मा उडाला.

"माज्या लेकीचं लगीन पुन्यांदा लावू का आता?"

बोळाच्या तोंडाशी माणसं जमली होती. ओळखीची सगळी. कुणी एक शब्द बोललं नाही. आणि गोकुळ? चपलेकडं बघत उभा! डायल कुठं होता ते त्याला माहीत आहे. एकट्याला माहीत आहे.

१८ मे

गोकुळ कॅमेरा काल काउंटरवरच टाकून गेला. आज घरी आणून तपासला.

हा कॅमेरा एप्रिलात आला तेव्हा मेलेलाच होता. बटण दाबलं तरी ढिम्म. ह्या नव्या तऱ्हेच्या जपानी कॅमेऱ्यांत स्प्रिंगांवर काही नाही, सगळा हिशेब विजेवर. आत दोन पडदे. पहिला सरकतो, उजेड आत येतो. किती वेळानं दुसऱ्यानं मागून येऊन दार लावायचं, ते एक छोटा कपॅसिटर भरायला किती वेळ लागतो त्यावर ठरतं. तो मी बदलला. मग टायमिंग लावलं. तालुक्यात हे काम येणारा दुसरा माणूस नाही, म्हणून तर श्रीगोंद्यापासून लोक येतात.

टीव्हीसमोर धरला. पाठीमागचं झाकण उघडं ठेवून पडद्याकडं बघत बटण दाबायचं. वेळ बरोबर असेल तर टीव्हीचं चित्र पूर्ण दिसतं, कमी असेल तर नुसती पट्टी. तीसदा दाबलं. तीसही वेळा पूर्ण चित्र.

अकिलाला दाखवलं. म्हणाली, "मग तुमची चूक नाहीच." नाहीच!

मग तिला सगळं समजावून सांगितलं. साठवर पहिला पडदा पूर्ण उघडतो, तेवढ्यात फ्लॅश उडतो, मग दुसरा निघतो. दोनशेपन्नासवर दुसरा आधीच अर्ध्या वाटेत आलेला असतो. तेवढा भाग काळा. सरळ आहे. गोकुळनं आधी नवरदेवाचा उन्हातला फोटो काढला असणार दोनशेपन्नासवर, आणि मांडवात जाताना डायल फिरवायला विसरला.

२० मे

कॅमेरा परत द्यायला मीच गेलो. स्टुडिओत एकटा होता.

"रशीदभाई, डायल साठवरच हुता. आयची आन."

"मग कॅमेरा खोटं बोलतो?"

"मला त्यातलं काय कळतंय? मी फकस्त बटान दाबतो."

"एवढं बाळासोंना सांग. बटणच दाबता येतं म्हणून सांग."

आईची शपथ घेतो आणि डोळ्याला डोळा देत नाही. म्हणाला, "बाळासोंनी मारायला नको हुतं. मला वाईट वाटलं."

वाईट वाटलं! हात कुणी धरला नाही तो?

उठताना सांगितलं, यापुढं तुझ्या कॅमेऱ्याला माझा हात लागणार नाही. आणि तू ह्या धंद्यात राहशील असंही समजू नकोस.

हे दुसरं वाक्य मी मनात म्हणालो की तोंडानं, आठवत नाही.

२ जून

आठवड्यात एक कॅमेरा नाही. दोन कॅलक्युलेटर आणि एक बॅटरी आली.

११ जून

फोटोग्राफर मंडळी कॅमेरे पुण्याला पाठवायला लागली आहेत. पांढऱ्या शर्टातला तो तळेगावचा — माझ्याकडं आठ वर्षं येतोय — रस्त्यात भेटला तर हसून म्हणाला, "काय मास्तर, अर्धा फोटो की फुल्ल?" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

१९ जुलै

गोकुळला कसं संपवायचं, याचा विचार आता सवयीचा झालाय. सोल्डरिंग करताना, नळाला पाणी भरताना, नमाजात सुद्धा. काही मोठं नाही मनात. मारामारी मला जमत नाही. पण दुकानात जो येईल त्याला मी सांगतो. लग्न आहे का घरात? फोटो कुणाला दिलेत? गोकुळला? बरं, बरं. — एवढंच. आणि जरा थांबतो. समोरचा विचारतोच, "का वो?" मग सांगतो की माणूस चांगला आहे, फक्त डायल कळत नाही.

मोजून चार लग्नांच्या सुपाऱ्या परत गेल्या त्याच्या.

१४ ऑगस्ट

गोकुळ दारात आला होता. कॅमेऱ्यात रीळ अडकलेलं. आत आला नाही, पायरीवरनंच — "रशीदभाई, उद्या शाळंचा झेंडावंदनाचा कार्येक्रम हाय. तेवढं काढून द्या."

मी रेडिओत तोंड घालून बसलो. पाच मिनिटं उभा होता. गेला.

बरं वाटलं. फार बरं वाटलं.

५ ऑक्टोबर

गोकुळची आई धुरपदाबाई शनिवारच्या बाजारात भाजी घेऊन बसते. अकिला तिच्याकडूनच घेते. मी म्हणालो, दुसरीकडून घे. अकिला म्हणाली, "तिनं काय केलंय?" मी म्हणालो, पोरगा तिचाच ना. तर भाजीची पिशवी खाली ठेवून माझ्याकडं बघत राहिली. "थप्पड बाळासोंनी मारली," ती म्हणाली. "त्यांचं नावसुद्धा नाही तुमच्या तोंडात. त्यांच्यापुढं चालत नाही, म्हणून ह्या गरिबाच्या मागं लागलात."

तीन दिवस बोललो नाही तिच्याशी.

१२ डिसेंबर

काम थोडं थोडं परत येतंय. पुण्याला पाठवलेले कॅमेरे महिना महिना परत येत नाहीत, आले तर तसेच येतात.

२४ जानेवारी १९९८

आज जे झालं त्याला नशीबच म्हणायचं.

दौंडचा रिजवान आला. जुन्या वस्तूंचा धंदा त्याचा, रेल्वेतल्या लोकांकडून घड्याळं, टेप, कॅमेरे घेतो आणि पुढं विकतो. कॅमेरा असला की आधी माझ्याकडून तपासून घेतो. आज एक आणला, ऑटोचा, उजेड बघून शटरचा वेळ स्वतःच ठरवणारा, चांगल्या हालतीतला. म्हणाला, तुमच्याच शिरूरचं गिऱ्हाईक आहे — गोकुळ.

मी कॅमेरा हातात घेतला.

"त्यानं अटच घातली भाई. म्हणतो, रशीदभाईंच्या हातून आला तरच घेईन. तुम्ही त्याचं काम घेत नाही म्हणं. काय झालंय?"

काय झालंय! माझं नाव बाजारात बुडवलं, आणि आता माझ्याच हातची हमी मागतो. माझा हात चांगला आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे त्या दिवशीही ठाऊक होतं!

म्हणालो, ठेवून जा. गुरुवारी ने.

२६ जानेवारी

कॅमेरा पुढ्यात आहे. उघडला नाही.

२७ जानेवारी

केलं.

खालचं झाकण काढलं की माप जुळवायचे दोन प्रीसेट दिसतात, ज्वारीच्या दाण्याएवढे, मधे स्क्रूची खाच. एक बॅटरीचा, एक उजेड मोजणाऱ्या मीटरचा. मीटरचा फिरवला. पाव फेरासुद्धा नाही. आता कॅमेऱ्याला उजेड आहे त्याच्या आठपट वाटणार, आणि तो तेवढ्या घाईनं दार लावणार. बाहेरून काही कळायचं नाही. आवाज तसाच, काटा तसाच डोलतो. फोटो मात्र चिखलात काढल्यासारखे येतील.

पहिल्यांदा त्यानं माझ्या नावावर खोटी चूक टाकली. ही खरी आहे, आणि त्याच्या नावावर जाईल. फिट्टंफाट.

रोजा होता. अस्रची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाल्यावर केलं. अकिला म्हणाली, आज चेहरा वेगळाच दिसतोय तुमचा. म्हणालो, उपास लागतोय.

२९ जानेवारी

रिजवान घेऊन गेला.

४ फेब्रुवारी

ईद झाली. शीरखुर्मा खाताना लक्ष सगळं रस्त्याकडं होतं, कोण काय बोलतंय.

आज कळलं. ३१ तारखेला एसटी डेपोत साहेबराव ड्रायव्हरांचा निरोप समारंभ होता. बत्तीस वर्षं गाडी चालवली माणसानं. आवारात मांडव घातला होता, गाडीला झेंडूचे हार. फोटो गोकुळचे. पूर्ण रीळ गेलं!

साहेबराव स्वतःच दुकानात आले, रेडिओ घ्यायला. खिशातून दोन फोटो काढून दाखवले. करडे, रवाळ. गाडीपुढं एक टोपी दिसते, तेच साहेबराव. चेहरा काजळी फासल्यासारखा.

"बाकीचं जाऊ द्या मास्तर," म्हणाले. "गाडीसंगं एक फोटू पायजे हुता. आता ती गाडी बी दुसऱ्या डेपोला गेली."

मी फोटो उजेडाकडं धरून बघितल्यासारखं केलं. साहेबरावांनी आजपर्यंत मला कधी 'अरे' म्हणून हाक मारलेली नाही. माझ्या वडिलांच्या मयतीला ड्युटी बदलून आले होते.

वाईट वाटलं, ते लिहितो. पण ते निघताना म्हणाले, "बाळासोच्या लगनात बी ह्यानंच घाण केली आसंल. तुम्हाला उगंच मार बसला." तेव्हा छातीत असं काही गार वाटलं की साहेबरावांचं वाईट त्यात बुडून गेलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

बाळासो आले. पुन्हा बाजाराच्या दिवशी, पुन्हा तेच दोन भाऊबंद. माझा हात आपोआप चष्म्याकडं गेला.

पण त्यांच्या हातात नारळ आणि टॉवेल-टोपी! पायरीवर उभं राहून मोठ्यानं म्हणाले, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं — "रशीदभाई, चूक झाली. डेपोतलं कळलं तवा समजलं, खोट क्यामेऱ्यात न्हवती, हातात हुती. म्या तुमच्यावर हात टाकला. आता तुमी मारा." आणि गाल पुढं केला.

मी म्हणालो, बाळासो, असं करू नका. डोळ्यात पाणी आलं माझ्या. टोपी घातली त्यांनी माझ्या डोक्यावर. बोळातली सगळी माणसं — तीच! — आता माना डोलवत होती. चहा मागवला. तळेगाववालासुद्धा येऊन बसला.

नऊ महिने, चार दिवस. फिटलं सगळं.

घरी येऊन अकिलाला सांगितलं. ती म्हणाली, "चांगलं झालं." एवढंच. मग म्हणाली, "डेपोतले फोटो कसे काय गेले हो? रिजवानचा कॅमेरा तुम्हीच तपासला होता ना?"

मी म्हणालो, कॅमेरा चोखच होता. चालवणारा तसला.

१५ मार्च

गोकुळ फोटो स्टुडिओची पाटी उतरवली. जागेत पीसीओ येतोय. गोकुळ रांजणगावला एका कंपनीत ठेकेदाराकडं लागला म्हणतात, खोकी उचलायला.

काल बाजारात धुरपदाबाई दिसली. मला बघून तिनं अकिलाच्या पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी जादा टाकली. तिला कुणी काही सांगितलेलं नाही बहुतेक.

२ एप्रिल

काम इतकं आलंय की टोकन द्यावं लागतंय.

३ मे

रिजवान आला दौंडहून. कपाळाला रुमाल बांधलेला, ऊन मरणाचं. त्याच्या एका गिऱ्हाइकाचा — रेल्वेतला गार्ड — कॅमेरा घेऊन आला. गोकुळच्या पहिल्या कॅमेऱ्याचंच मॉडेल. गेल्या वर्षी एप्रिलात मीच दुरुस्त केलेला, तोच बिघाड, तसाच.

"भाई, हा नखरे करतो. गार्ड म्हणतो, सकाळी काढलेले नीट येतात. दुपारच्या लग्नात फ्लॅशवर काढले तर अर्धे काळे."

मी म्हणालो, डायल.

"गार्डनं डायलला चिकटपट्टी लावून ठेवलीय, भाई. साठवर. हे बघा."

होती. चिकटपट्टी होती.

४ मे

माझं दुकान नदीकडच्या बोळात. दगडी भिंती, बारा महिने ओल. मे महिन्यातही आत घाम येत नाही. कॅमेरे इथंच तपासतो मी, नाहीतर घरी, दिवस कलल्यावर.

आज दुपारी गार्डचा कॅमेरा घरी आणला. टीव्हीसमोर धरला. पूर्ण चित्र. मग तो गच्चीच्या पत्र्याखाली वीस मिनिटं ठेवला, मांडवात असतो तेवढा गरम होऊ दिला. खाली आणून पुन्हा टीव्हीसमोर.

पट्टी.

पुन्हा दाबलं. पट्टी. डायल साठवर, चिकटपट्टी तशीच. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला, गार झाल्यावर पूर्ण चित्र. पुन्हा पत्र्याखाली. पट्टी.

खालचं झाकण काढलं. मी घातलेला कपॅसिटर. पुण्याहून त्या महिन्यात नवीन आणलेले, स्वस्तातले. गरम झाला की त्याचा दम निम्मा होतो. लवकर भरतो, शटर लवकर मिटतं. त्यातले मी दोनच वापरले. एक हा.

बाळासोंच्या मुलीचं लग्न आठ मेला, दुपारी साडेबाराच्या मुहूर्तावर, पत्र्याच्या मांडवात होतं.

गोकुळ खरं बोलत होता. आईची शपथ घेऊन खरं बोलत होता.

५ मे

दुकान उघडलं नाही.

७ मे

अकिलाला सांगितलं. कपॅसिटरचं सांगितलं. ऐकून घेतलं तिनं. "चूक झाली, माणसाच्या हातून होते. जाऊन सांगा त्याला. आजच."

प्रीसेटचं नाही सांगितलं. तोंडापर्यंत आलं होतं. तिनं विचारलं, "अजून काही आहे का?" मी म्हणालो, नाही.

आधी बाळासोंकडं गेलो, निमोण्याला. म्हटलं ज्यांनी टोपी घातली त्यांना आधी सांगावं. गुलाबाच्या वाफ्यात होते. सगळं ऐकून घेतलं आणि खुरपं पुसत म्हणाले, "रशीदभाई, आता गप बसा. एकदा तुमच्या पाया पडलो गावासमोर. आता त्या पोराच्या बी पडू? लोक म्हंतील, बाळासोला दोनदा येडं केलं. आन् डेपोतलं काय मग? तितं बी तुमचाच का तो कपासिटर का फिपासिटर?"

मी म्हणालो, नाही. तिथं नव्हता.

"मंग झालं की! पोरगं कच्चंच हाय."

एसटीत बसून येताना सारखं तेच डोक्यात. पोरगं कच्चं नाही. त्याच्या हातून एकही फोटो बिघडलेला नाही. दोन्ही वेळा मी.

८ मे

रांजणगावला जायला निघालो. कारेगावच्या स्टॉपवर उतरलो आणि परत आलो.

१० मे १९९८, रविवार

आज गेलो. सुट्टीच्या दिवशीही कामावर होता. कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर बसलो. कपॅसिटर, ऊन, पत्र्याचा मांडव, सगळं सांगितलं. चूक माझी, म्हणालो. गोकुळनं बाहीनं डोळे पुसले. "म्हंजी साठवरच हुता," म्हणाला. "मलाच वाटाया लागलं हुतं, आपुनच चुकलो आसंल."

मग विचारलं, "आन् दुसरा, रशीदभाई? डेपोतला? त्यो बी उनानंच का?"

जानेवारी होता तेव्हा. लोक स्वेटर घालून बसले होते त्या दिवशी.

मी म्हणालो, "व्हय. तोही उन्हानंच."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. येत्या रविवारी दोन्ही कॅमेरे घेऊन येतो म्हणाला, तुमच्याच हातानं नीट करून द्या, दुसऱ्या कुणावर इस्वास न्हाई.